पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकचा रणगाडा

जैन कथावाङ्मयात यशोधर राजाची कथा सुविख्यात आहे. सोमदेवसूरींनी ती संस्कृत ‘यशस्तिलकचंपू’त सांगितली, महाकवी पुष्पदंतांनी अपभ्रंश भाषेतील ‘जसहरचरिउ’त. अनिष्ट टळावे म्हणून देवीला बळी द्यावा, असा आग्रह राजमाता चंद्रमतीने धरला. राजा जीवहत्येला तयार होईना. अखेर तडजोड निघाली आणि पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देण्यात आला. कोंबडा निर्जीव होता. संकल्प मात्र मारण्याचाच होता. त्या संकल्पाचे फळ म्हणून माता-पुत्रांना अनेक तिर्यंच योनींत भटकावे लागले.

ही कथा ऐकत वाढलेल्या घरात एखादा मुलगा रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्याचा संच आणतो, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. हाही पिठाचा कोंबडाच नव्हे काय? वस्तू निर्जीव आहे. पण तिच्याशी खेळताना मन कोठे जाते? या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर या छंदातच दडलेले आहे. संच जोडून थांबणारे पुष्कळ असतात. काही जण मात्र तेच मॉडेल मूळ रणगाड्याशी ताडून पाहतात, चुकलेले भाग काढतात आणि नव्याने घडवतात. ही अचूकतेची साधना त्यांना कोठे घेऊन जाते, हे पाहण्याजोगे आहे.

संच कोठे कमी पडतो?

या छंदात 1:16 हे प्रमाण लोकप्रिय आहे. मूळ यंत्राचा सोळावा भाग. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीचे या प्रमाणातील संच जगभर नावाजलेले आहेत. त्यांतील ‘टायगर’ हा दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाडा विशेष प्रसिद्ध. नाझी राजवटीने 1942 ते 1944 या काळात असे तेराशेहून अधिक रणगाडे बनवले.

चालणाऱ्या मॉडेलच्या पोटात मोटर, गिअर आणि बॅटरी बसवावी लागते. त्यामुळे त्याची मापे थोडीफार तडजोडीचीच असतात. आज सर्वमान्य झालेले 1:35 हे प्रमाणही याच तामिया कंपनीच्या एका जुन्या मोटरवाल्या रणगाड्यात बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ठरले होते. म्हणून जाणकाराचे पहिले साधन ब्रश नसते. ते असते व्हर्नियर कॅलिपर. मूळ टायगरचा लढाईतला पट्टा 725 मिलिमीटर रुंद होता, म्हणजे मॉडेलवर तो 45.3 मिलिमीटर हवा. पुढचे पोलादी कवच 100 मिलिमीटर जाड होते. मॉडेलवर त्याची उघडी कड सव्वासहा मिलिमीटरच दिसली पाहिजे. मापात न बसणारा भाग कानशीने घासला जातो किंवा प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून नव्याने कापला जातो. टायगरचे कवच लाटलेल्या सपाट पोलादी पत्र्यांचे होते. जोडांवर वेल्डिंगचे ओघळ होते. ते ओघळ इपॉक्सी पुट्टीची बारीक वळी घालून, ओली असतानाच सुईने टोचून उमटवतात. खडबडीत ओतकामाचा पोत येतो तो प्रामुख्याने तोफेच्या पायथ्याशी असलेल्या ढालीवर.

साडेपाच मिलिमीटरचा प्रश्न

खरी कसोटी येते ती तोफेच्या नळीपाशी. टायगरच्या तोफेचा आतील व्यास 88 मिलिमीटर होता आणि नळीची लांबी त्याच्या छप्पन्नपट, म्हणजे 4,928 मिलिमीटर. सोळाने भागल्यास नळी 308 मिलिमीटर लांब आणि तिचे छिद्र 5.5 मिलिमीटर येते. बाजारातील अनेक खेळण्यांतील रणगाडे प्लास्टिकच्या गोळ्या उडवतात. त्या गोळीचा व्यास असतो 6 मिलिमीटर. सहाची गोळी साडेपाचच्या छिद्रातून जाणार कशी? म्हणून अशा खेळण्यांची नळी मापापेक्षा रुंद ठेवावीच लागते.

अर्थ स्पष्ट आहे. गोळी मारणारी नळी अचूक असू शकत नाही आणि अचूक नळी गोळी मारू शकत नाही. ज्याला मूळ रूप हवे, तो गोळ्या उडवणारी यंत्रणा काढून टाकतो आणि तिच्या जागी योग्य मापाची, लेथवर कातलेली ॲल्युमिनियमची नळी बसवतो. मारण्याचा खेळ संपतो तेथे पाहण्याचे काम सुरू होते. यशोधराच्या कोंबड्यात जो संकल्प होता, तो येथे साध्या भागाकारानेच बाहेर पडतो.

वजन आणि वेग

चालीचेही तसेच. मूळ टायगर सुमारे 57 टनांचा. लांबी सोळापट घटली की वजन घटते ते सोळाच्या घनाने, म्हणजे 4,096 पटीने. त्या हिशेबाने मॉडेल जवळपास 14 किलोचे हवे. प्लास्टिकचे मॉडेल त्याहून पुष्कळ हलके असते. म्हणून लहानशा खड्यावरही ते उड्या मारते. जाणकार धातूचे पट्टे बसवतो, तळाशी शिशाची वजने ठेवतो आणि वाढलेला भार पेलावा म्हणून पोलादी गिअर घालतो. पट्टा ताणून बसवायचा नसतो. मूळ रणगाड्यात तो वरच्या बाजूस सैल पडून चाकांवर विसावत असे.

मग वेग. खडबडीत जमिनीवर टायगर ताशी वीसेक किलोमीटर जाई. मॉडेलने सेकंदाला सुमारे 35 सेंटिमीटर चालावे, असा त्याचा हिशेब निघतो. मनोऱ्याच्या पूर्ण फेरीला मूळ यंत्रात जवळजवळ एक मिनिट लागे. सुसाट धावणारे खेळणे असे मंदावले की चित्रपटातली ऐट नाहीशी होते. समोर राहते ते एक अवजड, इंधनाने भरलेले लोखंड. आणि त्यात कोंडलेली पाच माणसे. सोळाव्या भागात माणूस साडेदहा सेंटिमीटरचा होतो. वरच्या झडपेतून डोकावणारी ती आकृती बसवताना हात क्षणभर थांबला, तर नवल नाही.

एकाच रणगाड्याचे अनेक साक्षीदार

अचूक म्हणजे कोणत्या क्षणाशी अचूक, हाही प्रश्न उरतो. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावलेला ‘झिमेरिट’चा खरखरीत लेप 1943 च्या उत्तरार्धात आला, पोलादी काठाची चाके 1944 मध्ये. सुरुवातीच्या टायगरवर हे दोन्ही लावणे म्हणजे काळाची सरमिसळ.

इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात ‘टायगर 131’ आजही चालू स्थितीत आहे. एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या तोफगोळ्याने त्याचा मनोरा जखडला; आतले सैनिक तो सोडून निघून गेले. मॉडेलकारांना याहून प्रत्यक्ष पुरावा कोणता हवा? तथापि त्या रणगाड्याचे मूळ इंजिन कापून प्रदर्शनात मांडले गेले होते, म्हणून दुरुस्तीच्या वेळी त्यात दुसऱ्या टायगरचे इंजिन बसवावे लागले. तो कोठे पकडला गेला, याविषयी वर्षानुवर्षे सांगितली जाणारी हकिकतही पुढील संशोधनाने बदलली. जुने छायाचित्र एका क्षणाचे साक्षीदार, आराखडा कारखान्याच्या इराद्याचा, संग्रहालयातील यंत्र आजच्या स्थितीचे. प्रत्येकाचे म्हणणे आपल्या जागी खरे आणि कोणाचेच पूर्ण नव्हे. ज्या घरात अनेकान्ताचा उच्चार होतो, तेथील मुलाला हे निराळे शिकवावे लागत नाही. कॅलिपर हातात असताना ते आपोआप उमगते.

गोळ्यांचे व्रण उमटवण्याची पद्धतही यातूनच बदलते. हौशी हात शोभेसाठी वाटेल तेथे भोके पाडतो. टायगर 131 घडवणारा प्रत्यक्षात ज्या जागी मार बसला तेवढीच खूण करतो. कारण ती शोभा नाही, नोंद आहे.

कामातील जयणा

हे काम करताना काही गोष्टी सहज पाळता येतात. रंगकामासाठी प्राण्यांच्या केसांचे ब्रश घेण्याचे कारण नाही. नायलॉनचे ब्रश बारीक रेघेला पुरेसे होतात. पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग वापरावेत. फवारणी असेल तर दिवसा आणि खिडकी उघडून करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मॉडेल अंगणात चालवू नये. धातूच्या पट्ट्याखाली मुंगी सापडली, तर ते खेळणे राहत नाही. चातुर्मासात तर मुळीच नको. घरातील झाडलेली फरशी किंवा एखादी फळी पुरे. इन्फ्रारेड किरणांनी एकमेकांची मॉडेले ‘मारण्याच्या’ स्पर्धाही या छंदात असतात. त्यांत कोणाला इजा होत नाही. परंतु पिठाच्या कोंबड्याची आठवण ठेवावी ती तेथेच.

महाराष्ट्रातील वाचकाला खरा रणगाडा पाहायला इंग्लंडला जावे लागत नाही. आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांच्या आनंदधामाला दर्शनासाठी जाणारी कुटुंबे अहिल्यानगरला नेहमीच येतात. त्याच शहरात लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. 1965 च्या युद्धात लढलेले सेंच्युरियन आणि शत्रूकडून घेतलेले पॅटन तेथे उभे आहेत. आई-वडिलांनी मुलाला दोन्ही ठिकाणी न्यावे. मॉडेलसाठी मापे टिपलेली नजर त्या लोखंडावरील वेल्डिंग आधी पाहील, मग कवचाची जाडी आणि मग झडपेची रुंदी. जखमी माणसाला त्या झडपेतून बाहेर पडता आले असेल का, हा प्रश्न तो मुलगा स्वतःच विचारील. तो प्रश्न ज्या दिवशी आला, त्या दिवशी घरातल्या मॉडेलविषयी वडीलधाऱ्यांची शंका निवळायला हरकत नाही.