यंत्र आकडा देईल, कारण कोण सांगणार?

कारखान्यातील यंत्रे आता संगणकाला जोडली जात आहेत. आपल्या वस्तीतील कित्येक भाऊ-बहिणी पाळीवर जातात, मुले आयटीआयमध्ये शिकतात. म्हणून ही जोडणी काय असते, हे घरातील सर्वांनीच समजून घेतले पाहिजे.

पूर्वी यंत्रांच्या नियंत्रणासाठी रिले आणि तारांनी भरलेली कपाटे असत. कामात बदल करायचा तर तारा सोडून पुन्हा जोडाव्या लागत. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने याला पर्याय मागितला. डिक मॉर्ली यांच्या चमूने 'मॉडिकॉन ०८४' हा नियंत्रक तयार केला. आजच्या पीएलसीचा तो पूर्वज. १९७९ साली मॉडिकॉननेच 'मॉडबस' आणले. त्यात संगणक विचारतो आणि यंत्र आकडा देते. १९९९ साली 'एमक्यूटीटी' आले. त्यात यंत्र स्वतःच बातमी धाडते, ज्याला हवी तो घेतो. जुन्या लेथच्या वायरीवर करंट मोजणारा सेन्सर बसवला, तरी ते चालू की बंद हे कळते.

परंतु आकडा म्हणजे पूर्ण माहिती नव्हे. मॉडबसच्या रकान्यात २३५ दिसले, तर ते २३५ अंश की २३.५, हे रकाना सांगत नाही. ते यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पाहावे लागते.

आता पाळीचा हिशेब पाहू. आठ तास म्हणजे ४८० मिनिटे. यंत्र ४८ मिनिटे थांबले, तर पडद्यावर 'उपलब्धता ९० टक्के' एवढेच उमटते. माल आला नव्हता, टूल तुटले, की तपासनिसाची मंजुरी यायची होती? कारण नोंदलेले नसेल, तर ठपका यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसावर येतो. हिशेबाच्या वहीत तपशिलाविना लिहिलेली रक्कम कोणी मान्य करीत नाही. मग हा आकडा तरी का मान्य करावा?

म्हणून कामगार बंधू-भगिनींनो, यंत्र थांबण्याचे कारण त्याच वेळी नोंदवा. सारे काही 'इतर' या रकान्यात ढकलू नका. कारणांची यादी करताना यंत्रावरच्या कामगाराला विचारले जावे, असा आग्रह युनियनने धरावा. मुलामुलींनी वायरिंगबरोबर पीएलसीही शिकावे. 'ओपनपीएलसी' हे मोफत सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालते, त्यावर सराव करता येतो.

आकडा यंत्राचा असला, तरी त्याचा अर्थ लावताना यंत्र चालवणाऱ्याचे म्हणणे ऐकले गेलेच पाहिजे.