औषधाचे नाव आणि औषधाचा गुण

अमरावतीचे इर्विन असो की अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, तेथील खिडकीवर मिळणारी गोळी हलकी आणि बाहेरच्या दुकानातील महागडी गोळी भारी, हा समज वऱ्हाडातील सुशिक्षित घरांतही पक्का बसलेला आहे. मधुमेहाचे वा रक्तदाबाचे औषध बहुधा जन्मभर घ्यावयाचे असते. त्यामुळे या समजुतीची किंमत दरमहा पगारातून वसूल होते.

वास्तविक पॅरासिटामॉल हे द्रव्याचे नाव आणि क्रोसिन हे विक्रीचे. 1972 साली अंमलात आलेल्या आपल्या पेटंट कायद्याने औषधी द्रव्यावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या प्रक्रियेवरच मक्तेदारी मान्य केली, व ही स्थिती 2005 पर्यंत टिकली. एकच द्रव्य अनेक कंपन्यांनी आपापल्या नावांनी विकावयास घेतले ते यामुळे. म्हणजे ज्यांना आपण ‘ब्रँडेड’ म्हणून मान देतो, त्यांपैकी बहुतेक औषधे मुळात जेनेरिकच आहेत! आपला शेतकरी युरिया घेताना 46 टक्के नत्र पाहतो, पोते कोणत्या कारखान्याचे याची तो फारशी फिकीर करीत नाही. औषधाच्या दुकानात मात्र आपली ही व्यवहारबुद्धी कोठे जाते, कोण जाणे.

व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस हाथी समितीने 1975 मध्येच केली होती. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मूळ नावानेच औषध लिहिण्याची सक्ती करणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले. डॉक्टरांचा आक्षेप गुणवत्तेविषयी होता. तो निव्वळ स्वार्थातून आला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. औषधसंहितेची कसोटी दोन्ही नावांना एकच असली, तरी गोळीतील द्रव्य रक्तात तितक्याच प्रमाणात उतरते की नाही, याची तुलनात्मक चाचणी पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी 2017 मध्येच सक्तीची झाली. तथापि निकृष्ट मालाचे भय नामांकित वेष्टनाने दूर होत नाही. त्यावर उपाय एकच: अन्न व औषध प्रशासनाने अधिक नमुने तपासावेत आणि निष्कर्ष लोकांपुढे सत्वर मांडावेत. फेफऱ्यावरील फेनिटॉइन, रक्त पातळ करणारे वॉरफरिन अशा औषधांत मात्रेची सीमा फार अरुंद असते. तेथे डॉक्टरांना न विचारता उत्पादक बदलू नये, हेही खरेच.

दुकानातील ‘जेनेरिक’ या शब्दालाही भुलण्याचे कारण नाही. अशा कित्येक पट्ट्यांवर छापील किंमत चढीच असते. ग्राहकाला सवलतीचे समाधान मिळते आणि फरकाचा मोठा वाटा विक्रेत्याकडे राहतो. 2008 साली सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांतील छापील दराशी ताडून पाहिले की हा प्रकार ध्यानात येतो. 2018 पासून बहुतेक औषधांच्या पट्टीवर मूळ नाव व्यापारी नावापेक्षा ठळक छापणे बंधनकारक आहे. ते वाचण्यास इंग्रजी तेवढे यावे लागते.

धारणीहून अमरावतीला आलेल्या रुग्णाला ते यावे, ही अपेक्षा कशी धरावी? शिवाय अनुसूची ‘एच’मधील औषध चिठ्ठीवर व्यापारी नावाने लिहिलेले असेल, तर त्याऐवजी तेच द्रव्य असलेली दुसरी गोळी देण्यास दुकानदाराला औषध नियमांनी मनाई आहे. तेव्हा त्या रुग्णाच्या खिशाचा निर्णय दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच, डॉक्टरांच्या लेखणीने, झालेला असतो.