मुंबई-न्यूयॉर्क : गोलावरचा दोरा

मुलांच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा. तो अरबस्तानावरून जात नाही. अफगाणिस्तान, रशिया, आइसलंडवरून जातो! अंतर सुमारे 12,500 कि.मी. थेट विमानाला इकडे येताना साधारण सोळा तास, जाताना त्याहून कमी, कारण जेट प्रवाहाचा वारा पाठीशी असतो. (2022 पासून अमेरिकन कंपन्यांची विमाने रशियावरून जाईनाशी झाली, तेव्हा दोरा वाकलाच.)

पण खरा हिशोब दारापासून दारापर्यंतचा. नाशिकहून निघालेल्या आईला न्यू जर्सीत पोचेपर्यंत दिवसाहून अधिक लागतो. आणि मध्यरात्री भावाचा फोन आला, तर शेवटचे दर्शन घडेल का, हे मिळेल त्या तिकिटावर ठरते. ओसीआय कार्ड कोणत्या कप्प्यात आहे, आजच बघून ठेवा.