नाकावरची पट्टी काय करते आणि काय करत नाही

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज नाकाला पट्टी लावण्यावर बोलणार, म्हणून काहींना गंमत वाटली असेल. पण हा विषय आमच्या घरातलाच आहे. गेल्या वर्षी आमच्या नातीनं नाकाची सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतली. रात्री पट्टी लावायचं काम आमच्याकडे आलं आणि त्यात आमच्या हातून एक चूकही झाली. ती सांगतोच, पण आधी पट्टी लावतात कशाला ते पाहू.

नाकाच्या वरच्या भागात हाड असतं, खाली कूर्चा, आणि या सांगाड्यावर त्वचेचं आवरण. शस्त्रक्रियेत सर्जन हे आवरण सांगाड्यापासून सोडवतात, सांगाड्याला हवा तो आकार देतात आणि आवरण पुन्हा त्यावर बसवतात. आता बघा, उशी लहान केली आणि अभ्रा जुनाच ठेवला तर काय होईल? अभ्रा ढिला पडेल. नाकाचंही तसंच होतं. मधल्या फटीत रक्त आणि द्रव साचतो, सूज येते. ही जागा मोकळी राहिली तर शरीर ती आपल्या पद्धतीनं, जखम भरताना तयार होणाऱ्या घट्ट ऊतीनं भरून टाकतं. शेंड्याच्या किंचित वर असं झालं, तर बाजूनं पाहताना नाक पोपटाच्या चोचीसारखं दिसू लागतं.

पट्टीचं काम इथे आहे. ती त्वचेला सांगाड्याला टेकवून धरते आणि हलका, सारखा दाब देऊन सूज आवरते. पहिल्या आठवड्यात पट्ट्या आणि त्यावर कडक स्प्लिंट असतं. साधारण आठवड्यानं ते काढतात. त्यानंतर काही सर्जन आणखी काही आठवडे फक्त रात्री पट्टी लावायला सांगतात, काही सांगत नाहीत. जाड त्वचेच्या नाकाला तिचा उपयोग अधिक, असं सर्वसाधारण मत आहे. रात्रीच का? तर आडवं झालं की चेहऱ्यावर सूज चढते, म्हणून.

लावायची रीत सोपी आहे. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करायचा. औषधांच्या दुकानात मायक्रोपोर म्हणून कागदी टेप मिळते, तिच्या अरुंद पट्ट्या कापायच्या आणि वरून खाली, एकीची कड दुसरीवर येईल अशा आडव्या लावायच्या. शेंड्याखालून पट्टी घ्यायची की नाही, हे सर्जनना विचारायचं. सकाळी पट्टी ओढून काढायची नाही, पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवायची. पुरळ आलं, त्वचा लाल झाली, तर पट्टी थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

ही युक्ती नवी नाही, आणि तिचा एक जुना दाखला आपल्या पुण्याचाच आहे. कावसजी नावाचा एक बैल हाकणारा इंग्रजी फौजेबरोबर होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुण्यात विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. ही हकीगत 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. तिच्यात बारकाईनं लिहिलंय की, सांधा धरून ठेवायला काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या आणि चार दिवस हलवल्या नाहीत. तिथे गेलेलं नाक परत मिळवायचं होतं, इथे असलेलं बदलायचं आहे. हेतू वेगळे, पण पट्टीचं काम तेच: शरीर आपलं काम करेपर्यंत धरून ठेवणं.

आता आमची चूक. तिसऱ्या आठवड्यात नात म्हणाली, “आजोबा, जरा घट्ट लावा ना, अजून बारीक व्हायला पाहिजे.” शाळेत तिला ‘नकटी’ म्हणत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण तिनं घरातल्या समारंभांतही हसत-हसत ऐकून घेतलेली. आम्हाला नाही म्हणवलं नाही. आम्ही घट्ट लावली. सकाळी त्वचा लालभडक, कडेला बारीक फोड. सर्जन शांतपणे म्हणाले, “सर, नाकाचा आकार मी केलाय. तो पट्टीनं करायचा नाहीये.” सोडवून पुन्हा बसवलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा नाजूक असतो, जास्त दाब तिला सोसत नाही, हेही त्यांनी समजावलं.

घरी येताना आम्हाला ॲरिस्टॉटल आठवला. त्याचं आवडतं उदाहरण नेमकं नकट्या नाकाचंच. खोलगटपणा वाटीतही असतो, पण नकटेपणा नाकाशिवाय असूच शकत नाही. काही रूपं अशी असतात की, ती ज्या द्रव्यात आहेत त्याच्यापासून वेगळी काढून सांगताच येत नाहीत. नातीच्या मनात एक आकार होता, पण तो उतरायचा होता जिवंत त्वचेत, आणि त्वचेचा वेग तिचा तिचा असतो. बरीचशी सूज पहिल्या काही आठवड्यांत उतरते. उरलेली, विशेषतः शेंड्याची, उतरायला वर्ष लागतं, जाड त्वचेला त्याहूनही जास्त. म्हणून तिसऱ्या आठवड्यात आरशात दिसतं ते नाक शेवटचं नव्हे. त्याच्यावर निकाल द्यायचा नाही, आणि पट्टी आवळून त्याला घाई तर मुळीच करायची नाही.

त्या रात्री आम्ही पट्टीला हात लावला नाही. नात म्हणाली, “मग काय करायचं?” आम्ही म्हटलं, “थांबायचं.” हे तिला आवडलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही सोपं गेलं नाही. त्वचा बरी झाल्यावर, सर्जनना विचारून, पुन्हा पट्टी सुरू केली, पण हलक्या हातानं. आणि घरात ती म्हण वापरायची नाही, एवढं मात्र आम्ही सगळ्यांना बजावून ठेवलं. ते शस्त्रक्रियेआधीच करायला हवं होतं.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.