फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यानंतर कामठीत काय किंवा नागपुरात काय, पाच-सहा वर्षे जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकून घेण्याकडे अनेकजण वळले. नवी प्रणाली बसते, दिवसभर नीट चालतेही. घोटाळा होतो तो झाकण मिटल्यावर. तासाभराने लॅपटॉप उघडावा तर स्क्रीन काळी, आत पंखा फिरतोय आणि पॉवरचे बटण दाबून धरल्याशिवाय मशीन काही ऐकत नाही. कधी उघडताच कंपनीचा लोगो समोर येतो. म्हणजे आपल्या नकळत मशीन झोपेतच कोसळले आणि स्वतःच पुन्हा सुरू झाले. सेव्ह न केलेला प्रोजेक्ट, उघडी ठेवलेली पाने, सगळे गेले.

अशा लॅपटॉपवर बाजारात एक ठरलेला इलाज आहे: ‘फॉरमॅट मारून देतो.’ हा इलाज बहुतेक वेळा चुकीचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. फॉरमॅट केल्यावर तीच प्रणाली आणि बहुधा एकेक भाग चालवणारे तेच ड्रायव्हर पुन्हा बसतात, त्यामुळे चार दिवसांनी दुखणे परत येते. शिवाय बिघाड कुठे झाला हे सांगणाऱ्या नोंदी त्या फॉरमॅटमध्येच पुसल्या जातात. म्हणून मशीन झोपते म्हणजे नेमके काय करते, हे आधी पाहू.

लॅपटॉपची चालू मेमरी म्हणजे डीरॅम. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म धारित्रात साठवलेला विद्युतभार. हा भार सतत गळतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मेमरीत प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा ताजी करावी लागते. मेमरी ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली की गळती वाढते आणि ही मुदत निम्मी, ३२ मिलिसेकंद होते. झोपेत प्रोसेसर बंद असला तरी मेमरी स्वतःच्या बळावर हे काम चालू ठेवते. झोपलेला लॅपटॉप थोडी बॅटरी खातो तो यासाठीच.

पण मेमरी जिवंत ठेवणे हा सोपा भाग झाला. अवघड आहे ते बाकीच्यांना झोपवणे. झाकणातल्या चुंबकामुळे सेन्सरला झाकण मिटल्याचे कळते आणि प्रणालीला संदेश जातो. प्रणाली आधी चालू प्रोग्रॅम गोठवते. मग वायफाय, ब्लूटूथ, कॅमेरा, ऑडिओ, ग्राफिक्स, एसएसडी अशा एकेका भागाच्या ड्रायव्हरला ‘आवरून घे’ असे कळवते. ड्रायव्हर आपल्या भागाची स्थिती मेमरीत लिहून ठेवतो, भाग बंद करतो आणि ‘झाले’ असे उत्तर देतो. यात क्रम पाळावाच लागतो. घर बंद करून गावाला जाताना आपण आधी गॅस, नळ, पंखे बघतो आणि मेन स्विच शेवटी पाडतो, तसाच. यूएसबीवर बसलेला ब्लूटूथ आधी झोपला पाहिजे, यूएसबीचा नियंत्रक नंतर. उठताना सगळे उलट्या क्रमाने. एकाने जरी उत्तर दिले नाही, तरी सगळे तिथेच अडून बसतात. वाट पाहण्याची मुदत संपली की विंडोज स्वतःच मशीन पाडते. त्या निळ्या स्क्रीनवरची ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ ही ओळ म्हणजे हेच.

हा व्यवहार ज्या नियमांनी चालतो त्यांना एसीपीआय म्हणतात. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते जाहीर केले. त्याआधी झोपवण्या-उठवण्याचे बरेचसे काम मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, परस्पर उरकत असे आणि प्रणालीला त्याचा पत्ता नसे. एसीपीआयने कारभार प्रणालीच्या हाती दिला, पण एक गोष्ट लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडेच राहिली. या मशीनमध्ये काय कुठे जोडले आहे आणि ते कसे बंद करायचे, हे सांगणारे छोटे प्रोग्रॅम कंपनी बायोसमध्ये भरून देते आणि प्रणाली ते चालवते. म्हणजे मायक्रोसॉफ्टची प्रणाली, चिप बनवणाऱ्यांचे ड्रायव्हर आणि लॅपटॉप कंपनीचा बायोस, अशा तिघांनी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या देशांत लिहिलेला कोड काही सेकंदांत एकमेकांशी तंतोतंत जुळावा लागतो. जुना बायोस कंपनीने जुन्या विंडोजवर तपासलेला असतो. अपडेटने तिघांपैकी एकच बदलतो आणि आजवर झाकून राहिलेली दुसऱ्याची चूक उघडी पडते. दोष नेहमी अपडेटचाच असतो असे नाही, हे म्हणूनच लक्षात घ्यायला हवे.

त्यात झोपेची तऱ्हाही बदलली आहे. जुनी एस३ झोप गाढ होती. तिच्यात प्रोसेसर पूर्ण बंद होई. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मोबाइल फोनसारखी हलकी झोप आली. आज तिला ‘मॉडर्न स्टँडबाय’ म्हणतात. तिच्यात मशीन कागदोपत्री जागेच असते, फक्त प्रत्येक भाग अगदी कमी विजेवर जातो आणि मधूनमधून नेटवर्कसाठी डोळे उघडतो. अनेक नव्या लॅपटॉपच्या बायोसमधून एस३ काढूनच टाकले आहे. एका चुकार ड्रायव्हरने वीज सोडली नाही तर मशीन रात्रभर झोपतच नाही. असा लॅपटॉप बॅगेत घालून मे महिन्यात कामठीहून नागपूरपर्यंतचे सोळा-सतरा किलोमीटर दुचाकीवर गेलात, तर आत उष्णता कोंडते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बाहेरच हवा अशी असेल तर बंद बॅगेतल्या यंत्राला उष्णता टाकायला जागा राहत नाही. तापमान धोक्याच्या रेषेपलीकडे गेले की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. मालकाला मात्र वाटते की अपडेटने क्रॅश झाले.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २७ मे २०२० रोजी विंडोज १० ची २००४ ही आवृत्ती आली. सतत नेटवर्कला जोडलेली राहणारी आणि एकाहून अधिक नेटवर्क अडॅप्टर असलेली काही मशीन तिच्यामुळे अचानक पुन्हा सुरू होऊ लागली. मायक्रोसॉफ्टला अशा मशीनसाठी अपडेट रोखून धरावे लागले आणि त्यांत कंपनीचे स्वतःचे सरफेस प्रो ७ आणि सरफेस लॅपटॉप ३ होते. त्याच वर्षी मार्चमध्ये मॅकओएस कॅटालिना १०.१५.४ आल्यावर मॅक झोपेतून उठताना कोसळत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. यंत्र आणि प्रणाली दोन्ही एकाच छपराखाली बनवणाऱ्या ॲपलचे हे झाले, तर पाच कंपन्यांचे भाग जोडून केलेल्या लॅपटॉपकडून किती अपेक्षा ठेवायची? विंडोज ११ आले तेव्हा इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरवरचा एक ऑडिओ ड्रायव्हर निळी स्क्रीन आणत होता. तिथेही उपाय फॉरमॅट नव्हता. ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली आणि प्रश्न मिटला.

मग दोषी शोधणे इतके कठीण का? कारण झोपेतल्या अपघाताला साक्षीदार नसतो. ऐन वेळी स्क्रीन बंद असते आणि एसएसडी झोपलेली असते, त्यामुळे नोंद लिहायला जागाच उरत नाही. लिनक्सच्या अभियंत्यांनी यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. मदरबोर्डवर तारीख-वेळ सांभाळणारी एक चिप असते. ती बटणासारख्या छोट्या सेलवर चालते आणि कधीच झोपत नाही. कोणत्या ड्रायव्हरपर्यंत काम आले, याची खूण लिनक्स त्या चिपमध्येच तारखेच्या जागी लिहून ठेवू शकते. मशीन कोसळून पुन्हा सुरू झाले की घड्याळ भलतीच तारीख दाखवते आणि त्या तारखेतून अडलेल्या ड्रायव्हरचा माग काढता येतो.

विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ आहे. त्यात ‘कर्नेल पॉवर ४१’ ही लाल नोंद सापडते आणि बरेचजण इथेच चकतात. ‘पॉवर’ शब्द वाचून अ‍ॅडॉप्टर नाहीतर बॅटरी बदलली जाते, दोन-तीन हजार रुपये जातात आणि बिघाड तिथेच राहतो. या नोंदीचा अर्थ एवढाच की आधीच्या वेळी मशीन रीतसर बंद झाले नव्हते. ती कारण सांगत नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ असतो, तो पाहावा. तिथे १५९ असेल तर वर सांगितलेली ड्रायव्हरचीच अडचण आहे. शून्य असेल तर विंडोजला नोंद करायलाही वेळ मिळाला नाही. मग उष्णता, बायोस किंवा खरोखरच विजेचा प्रश्न, या दिशेने जावे. विंडोजच्या फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’मध्ये अपघाताच्या क्षणाची प्रत असते. ती वाचणाऱ्या मोफत साधनांनी बरेचदा थेट ड्रायव्हरच्या फाइलचे नाव हाती लागते. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडलात तर कोणत्या दिवशी काय बसले आणि कोणत्या दिवसापासून मशीन पडू लागले, हे एकाच आलेखात शेजारी-शेजारी दिसते. मला विचाराल तर तपास इथूनच सुरू करावा.

पुढे हात लावायचा तो एका वेळी एकाच गोष्टीला. आधी यूएसबीचे डोंगल, डॉक, पेनड्राइव्ह काढून झोप तपासा. ‘शटडाउन’ केल्याने विंडोज पूर्ण बंद होत नाही, ‘फास्ट स्टार्टअप’मुळे तिचा गाभा डिस्कवर तसाच जपला जातो. म्हणून ‘रीस्टार्ट’ करून पुन्हा तपासा. मग लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्याच मॉडेलचा बायोस, चिपसेट, ग्राफिक्स आणि वायफाय ड्रायव्हर घ्या. बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. मृगाच्या आधीच्या वादळात वीज जाण्याचे दिवस त्यासाठी टाळा. मशीनवर डिस्कला कुलूप लावणारे बिटलॉकर असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच फाइलींना मुकाल.

तरीही भागले नाही तर निम्म्या-निम्म्याने शोधा. कॅमेरा, ब्लूटूथ, वायफाय, ऑडिओ, फिंगरप्रिंट, कार्ड रीडर यांपैकी तीन ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये तात्पुरते बंद करा आणि झाकण मिटा. मशीन नीट उठले तर दोषी त्या तिघांत, पडले तर बहुधा उरलेल्यांत. प्रत्येक फेरीत संशयित निम्मे होतात, म्हणून चौसष्टांतला एक सहा फेऱ्यांत सापडतो. लिनक्सच्या एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. झोप बिघडवणारा नेमका बदल अभियंते याच रीतीने चौदाएक चाचण्यांत पकडतात. मात्र एकदा नीट उठले म्हणून लगेच निकाल देऊ नका. दर दोनदा झोपवल्यावर सरासरी एकदा पडणारे मशीन सलग पाच वेळा निव्वळ योगायोगाने नीट उठण्याची शक्यता बत्तिसात एक असते. पाच स्वच्छ झोपा झाल्यावरच भरवसा ठेवा.

एक स्वस्त चाचणी दुकानदारांनी तरी नक्की करावी. पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवा आणि झाकण मिटा. तिथेही मशीन उठत नसेल तर संशय बायोसवर किंवा यंत्रावर जातो आणि विंडोज पुन्हा टाकणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणे. तिथे नीट उठत असेल तर ड्रायव्हर मागे नेणे किंवा अपडेट काढणे, हाच मार्ग.

काही जुन्या मॉडेलसाठी कंपनी नवा ड्रायव्हर देतच नाही. त्यांच्यासाठी हायबरनेट आहे. त्यात मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून वीज पूर्ण तोडली जाते आणि उठताना बायोस प्रत्येक भाग नव्याने सुरू करतो, त्यामुळे झोपेचे बरेच घोटाळे टळतात. एसएसडी असेल तर काही सेकंद जास्त लागतात, एवढेच. ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ निवडा. कामठीतल्या ज्या विद्यार्थ्यांना रोज लॅपटॉप बॅगेत घालून नागपूरला जावे लागते, त्यांनी बिघाड नसला तरी उन्हाळ्यात हीच सवय लावावी.

विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर जुनीवर परतण्याची सोय साधारणपणे दहाच दिवस असते. तेव्हा अपडेटच्या पहिल्या आठवड्यातच झोप तपासून घ्या. लॅपटॉप दुकानात द्यायची वेळ आलीच, तर अपडेटची तारीख, बिघाड सुरू झाल्याची तारीख आणि बगचेक कोड एका कागदावर लिहून सोबत द्या, आणि तो कागद वाचल्याशिवाय फॉरमॅट करू नका असे स्पष्ट सांगा.