शिडीच्या पायथ्याचा आडवा दांडा



मे महिन्यात मुले सुट्टीला आपापल्या पाड्यावर गेली की वसतिगृहाची शाकारणी निघते. फुटकी कौले बदलायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, पत्र्यांचे सैल झालेले बोल्ट आवळायचे. आपल्या मंडळ्यांतील तरुण या कामाला आनंदाने येतात आणि अलीकडे येताना घरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या घेऊन येतात. मागच्या खेपेला त्यांतल्या एका शिडीच्या पायथ्याशी रुंद आडवा दांडा बसवलेला होता. दुकानात त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. असा दांडा आपल्या शिडीला घरी बसवता येतो का, असे तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारले आहे. येतो. निवांतपणे केले तरी तासाभराचे काम आहे.

आधी हा दांडा करतो काय ते पाहू. साधारण शिडी 36 सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे मध्यभागापासून एका पायापर्यंत जेमतेम 18 सेंटिमीटर, वीतभरही नाही. चढलेल्या माणसाचे वजन त्या वीतभराच्या बाहेर गेले की शिडी त्या बाजूच्या पायावर फिरते आणि कलंडते. चार वर्षांपूर्वी आमच्याच आवारात भिंत रंगवताना एक तरुण शिडीसकट असाच बाजूला गेला आणि त्याचे मनगट मोडले. शिडी धड होती, जमीन सपाट होती. खिडकीपलीकडचा शेवटचा हातभर पट्टा उतरून शिडी न सरकवता रंगवावा, एवढाच त्याचा विचार होता.

युरोपातील शिड्यांच्या मानकात 2018 पासून 3 मीटर किंवा त्याहून लांब टेकवायच्या शिडीला रुंद पायथा आवश्यक केला आहे. हिशोब सोपा आहे: शिडीच्या रुंदीत तिच्या लांबीचा दहावा भाग मिळवायचा, जास्तीत जास्त 120 सेंटिमीटरपर्यंत. 3.6 मीटरच्या, म्हणजे आपल्याकडच्या बारा फुटी शिडीला 36 अधिक 36, असा 72 सेंटिमीटरचा दांडा हवा. आमचे वारली मिस्त्रीकाका हे ऐकून हसले. ते बांबूची शिडी बांधतात ती खाली फाकलेली आणि वर निमुळती असते. त्यासाठी त्यांना मानक वाचावे लागले नाही.

आता यातली मेख. पायथ्याशी तुम्हाला मध्यापासून 36 सेंटिमीटर मिळाले, पण वरचे टोक आहे तेवढेच अरुंद राहिले. त्यामुळे जसजसे वर जाल तसतसा फायदा घटतो. शिडीच्या मध्यावर तो सुमारे 27 सेंटिमीटर उरतो आणि पाऊण उंचीवर 22 ते 23. जिथे पडण्याची भीती सर्वांत जास्त, तिथे दांड्याने दिलेली जागा चार-पाच बोटांहून जास्त नाही. शिवाय शिडीचे पाय भिंतीपासून मागे घसरणे तो थांबवत नाही. ते काम रबरी बूट आणि शिडीचा योग्य कल यांचे. म्हणून दांडा लावलेल्या शिडीवरही पोटाचा बेंबीकडचा भाग दोन उभ्या दांड्यांच्या आतच ठेवायचा, आणि वरचे टोक बांधता येत असेल तर दोरीने बांधायचे.

दांडा शक्यतो शिडी बनवणाऱ्याचाच घ्यावा. जवळच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी पाइप वेल्ड करून घेण्याचा मोह होतो, पण माझे मत त्याच्या साफ विरुद्ध आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने शिडीचे अ‍ॅल्युमिनियम सांध्याजवळ मऊ पडते, आणि लोखंड व अ‍ॅल्युमिनियम पावसाळी दमट हवेत एकमेकांना लागून राहिले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. समुद्राजवळच्या गावांत हे फार लवकर दिसते. बोल्टसुद्धा स्टेनलेस स्टीलचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले असावेत.

मागवण्यापूर्वी तीन मापे घ्या: शिडीची बाहेरून बाहेर रुंदी, उभ्या दांड्याची रुंदी आणि त्याची जाडी. सरकत्या, दोन भागांच्या शिडीला दांडा फक्त खालच्या रुंद भागालाच लागतो, हेही दुकानदाराला सांगा. त्याच वेळी शिडी नीट तपासून घ्या. पायरी हाताने फिरत असेल, सांध्याला चीर असेल किंवा उभा दांडा कुठे दबला असेल, तर दांड्याचे पैसे वाचवा आणि ती शिडी मोडीत काढा.

बसवताना शिडी दोन बाकांवर आडवी ठेवा. दांडा शिडीच्या टोकांवर बसणारा असेल तर जुने रबरी बूट काढावे लागतात; तसे सूचनापत्रात लिहिलेले असते. दांडा जागेवर धरा आणि त्याची भोके शिडीच्या तयार भोकांशी जुळवा. तयार भोके नसतील आणि सूचनापत्रात भोके पाडायला सांगितले असेल, तरच ड्रिल हातात घ्या. खूण उभ्या दांड्याच्या रुंदीच्या मध्यावर, कडेपासून आणि पायरीच्या सांध्यापासून दूर. पंचाने खूण खोल करा, नाहीतर बिट घसरते. आधी बारीक बिट, मग बोल्टच्या मापाचे. बिटाला थोडे रॉकेल लावले की अ‍ॅल्युमिनियमचा भुगा त्याला चिकटत नाही. भोकाची कड कानशीने साफ करा.

बोल्ट आधी हातानेच बसवा. मग दांडा काटकोनात आहे का ते पाहा: दांड्याच्या डाव्या टोकापासून तिसऱ्या पायरीच्या उजव्या टोकापर्यंत टेप धरा, नंतर उजवीकडून डावीकडे. दोन्ही मापे सारखी आली की आवळायला घ्या. आठ मिलिमीटरच्या बोल्टला तेरा नंबरचा पाना लागतो. इथे ताकद दाखवू नये. उभा दांडा आत पोकळ असतो, जास्त आवळला की चेपतो. मोठा वॉशर घाला, नट टेकल्यावर थोडाच फेरा द्या, आणि बोल्टचे दोन आटे नटाबाहेर दिसले पाहिजेत. नट आत नायलॉनची कडी असलेला असावा. तो हादऱ्याने सुटत नाही. पण एकदा काढला की पुन्हा तोच वापरू नये. सरकती शिडी असेल तर वरचा भाग दांड्याला न अडता पूर्ण खाली येतो ना, तेही पाहून घ्या.

आता फरशीवर शिडी भिंतीला टेकवा आणि दांड्याच्या दोन्ही टोकांखाली कागदाचा एकेक तुकडा ठेवा. कोणीतरी पहिल्या पायरीवर उभे राहावे आणि तुम्ही कागद ओढावा. एखादा सहज निघून आला तर वजन एकाच टोकावर आहे. अशा शिडीवर वर जायचे नाही. बोल्ट सैल करून दांडा पुन्हा बसवा.

गावाकडे मात्र फरशी नसते, आणि रुंद दांडा खडबडीत जमिनीवर अरुंद पायांपेक्षा जास्त हट्टी असतो. मध्ये उंचवटा आला की शिडी सी-सॉसारखी डुलते. अशा वेळी खालच्या टोकाखाली दगड किंवा विटेचा तुकडा सारू नका, तो निसटतो. उंच बाजूची माती कुदळीने काढून दोन्ही टोकांना सारखी बैठक करा. चिखल असेल तर आधी कोरड्या जागेचे काम उरका.

शिडीचा कल चारास एक. बारा फुटी शिडी भिंतीवर साधारण साडेअकरा फुटांवर टेकते, तेव्हा पाय भिंतीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर हवेत. टेप नसेल तर पायाची बोटे शिडीच्या बुडाला लावून ताठ उभे राहा आणि हात समोर सरळ करा. तळवे पायरीला लागले की कल बरोबर आहे. छपरावर उतरायचे असेल तर शिडी कडेच्या तीन फूट वर निघाली पाहिजे. प्लास्टिकच्या पन्हळीवर ती टेकवू नये. आणि वसतिगृहाकडे येणारी विजेची तार अंगणावरून जाते. अ‍ॅल्युमिनियमची शिडी त्या बाजूला आम्ही मुळीच नेत नाही, तिथे मिस्त्रीकाकांची बांबूचीच वापरतो, तीही वीज बंद करून.

मेमध्ये शिड्या जीपच्या टपावर बांधून येणाऱ्यांना एक विनंती. दांडा दोन्ही बाजूंना बाहेर येतो, त्याच्या टोकांना लाल फडके बांधा. तो सुटा करून आणू नका. इथे पोहोचल्यावर, वर चढण्याआधी, तेरा नंबरचा पाना आमच्याकडून मागून घ्या आणि दोन्ही नट एकदा हात लावून पाहा. कच्च्या रस्त्याने ते थोडे ढिले झालेले असू शकतात.