जन्मजात हृदयदोषांचे गर्भावस्थेतील निदान

गर्भाच्या हृदयाच्या किंवा त्याला जोडलेल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या रचनेतील दोष जन्मापूर्वीच सोनोग्राफीद्वारे ओळखणे, यास जन्मजात हृदयदोषांचे गर्भावस्थेतील निदान म्हणतात. दर १,००० नवजात बालकांपैकी सुमारे ८ बालकांत असा दोष आढळतो. मधुमेही मातांच्या गर्भात त्याचा संभव अधिक असतो. तथापि बहुतेक बाधित गर्भांच्या बाबतीत कोणताही पूर्वसंकेत नसतो.

तपासणी साधारणतः १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान होते. हृदयाचे चार कप्पे पाहणे ही तिची पहिली पायरी होय, परंतु तेवढ्याने भागत नाही. महाधमनी व फुफ्फुसधमनी यांची अदलाबदल झालेली असली तरी चारही कप्पे बहुधा व्यवस्थित दिसतात. म्हणून रक्तवाहिन्यांचे उगमही पाहावे लागतात. शंका आल्यास गर्भाची इकोकार्डिओग्राफी केली जाते. कप्प्यांमधील पडद्याची लहान छिद्रे मात्र अनेकदा निसटतात.

गंभीर दोष असूनही गर्भ पोटात नीट वाढू शकतो. त्याला प्राणवायू वारेतून मिळतो, आणि दोन्ही कर्णिकांमधील रंध्र व धमनीनलिका यांमुळे रक्ताला पर्यायी वाट असते. जन्मानंतर या वाटा बंद होऊ लागतात. धमन्यांची अदलाबदल झालेले बाळ त्यामुळे काही तासांतच निळे पडू शकते. निदान आधी झाले असल्यास प्रसूती हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात करता येते. तेथे प्रोस्टाग्लँडिन देऊन नलिका उघडी ठेवतात, गरज पडल्यास फुग्याच्या साहाय्याने रंध्र रुंदावतात, आणि पुढे धमन्या योग्य जागी जोडतात. ही जोडशस्त्रक्रिया ब्राझीलचे शल्यचिकित्सक अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये प्रथम यशस्वी केली.

भारतात निदानाच्या वेळेला कायदेशीर महत्त्वही आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २० आठवड्यांची मर्यादा होती, तर हृदयदोष पुष्कळदा त्याच सुमारास किंवा त्यानंतर लक्षात येतो. २००८ मध्ये मुंबईतील एका दांपत्याने गर्भाच्या हृदयदोषामुळे मागितलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली; या प्रकरणाची देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, गर्भात गंभीर विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही.